मांजरांची औषधी अंघोळ : पाचपाखाडीतील खोलीच्या प्रकल्प नोंदी

१२ जून

ठाण्याच्या पाचपाखाडीतील तळमजल्यावरची जी खोली एका परिचित कुटुंबाने आम्हाला वापरायला दिली आहे, तिच्या किल्ल्या आज हाती आल्या. मोरी मोठी आहे, नळाला दाब चांगला आहे आणि दार लावले की रस्त्यावरचा आवाज आत फारसा येत नाही. मांजरांच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट पहिल्या दोन गोष्टींइतकीच मोलाची आहे. त्वचाविकार झालेल्या मांजरांना पशुवैद्यांच्या लेखी सूचनेनुसार औषधी अंघोळ घालणे, गरजेपुरते केस कापणे, अंग पूर्ण सुकवणे आणि घरी पुढे काय करायचे ते पालकांना शिकवणे, एवढेच येथले काम राहील. सुगंधी फवारे, केसांना चमक आणणारी द्रव्ये, गळ्यातले रुमाल यांपैकी काहीही या खोलीत येणार नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणतेही मांजर टबात उतरणार नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार औषधोपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यांचे काम आहे, हा त्याचा कायदेशीर आधार. त्याहून साधे कारण असे की गळलेले केस, खपल्या आणि खाज ही लक्षणे बुरशी, पिसवा, खरजेचे सूक्ष्म किडे, ॲलर्जी आणि जिवाणूसंसर्ग या सर्वांतच दिसतात, आणि नुसत्या नजरेने त्यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. निदानाआधी घातलेली औषधी अंघोळ पुष्कळदा पुरावाच धुऊन टाकते.

१७ जून

टब, रबरी चटया, मगे, पाण्याचा तापमापक, मऊ सुती पंचे आणि मंद उष्णतेचा ड्रायर असे सामान लागले. निरोगी मांजराच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणून अंघोळीचे पाणी ३७ ते ३८ अंशांवर ठेवायचे ठरले. आपल्या मनगटाला कोमट वाटणारे पाणी त्यांना गार लागू शकते, त्यामुळे अंदाजावर न जाता तापमापकच वापरायचा. मांजर खोलीत येण्यापूर्वीच बादल्या भरून ठेवायच्या, कारण धो-धो वाहणाऱ्या नळाच्या आवाजानेच बरीच मांजरे बिथरतात. टबाच्या तळाशी रबरी चटई हवीच. पाय घसरू लागले की मांजर पाण्याला घाबरण्याआधी त्या घसरण्याला घाबरते आणि मग नखे बाहेर येतात.

एका मांजराचा आजार दुसऱ्याला लागू नये यासाठी संसर्गजन्य त्वचाविकाराचे मांजर नेहमी दिवसाच्या शेवटी घ्यायचे, त्यानंतर खोली धुऊनच बंद करायची. लसीकरणाचे कार्डही पाहायचे. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू घरातल्या वातावरणात वर्षभर टिकू शकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. त्यासाठी टब आणि फरशी आधी केस, साबण आणि घाण काढून स्वच्छ करायची, मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असे द्रावण दहा मिनिटे ठेवून धुवायची. घाणीवर ओतलेले ब्लीच निकामी होते, त्यामुळे हा क्रम उलटता येत नाही. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरे कोणतेही स्वच्छताद्रव्य मिसळायचे नाही, हे मदतीला येणाऱ्या मुलांना समोर उभे करून सांगितले.

२४ जून

आज आमच्या डॉक्टरांबरोबर बसून या खोलीत काय आणायचेच नाही याची चर्चा केली. काय वापरायचे या प्रश्नाला मी नंतर येईन. माझ्या मते मांजरांच्या बाबतीत काय टाळायचे हा प्रश्न आधीचा आणि मोठा आहे.

मांजर जागेपणीचा बराच मोठा वाटा स्वतःला चाटून स्वच्छ करण्यात घालवते. त्याच्या जिभेवरचे मागे वळलेले काटे टोकाला पोकळ असतात आणि लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचवतात. म्हणजे त्याच्या अंगावर आपण जे लावतो ते काही वेळात त्याच्या पोटात जाते. लावण्याचे औषध आणि पोटात घेण्याचे औषध ही माणसांत सरसकट केली जाणारी विभागणी मांजराला लागू पडत नाही, आणि या प्रकल्पातला प्रत्येक निर्णय याच एका गोष्टीवर तपासून पाहायचा आहे. त्यात भर अशी की, अनेक रसायने शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृत त्यांना ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडते आणि या कामातील एका महत्त्वाच्या विकराचे जनुक मांजरांत निकामी आहे. पॅरासिटामॉल त्यांना प्राणघातक ठरते ते यामुळेच, आणि फिनॉल वर्गातील द्रव्ये त्यांच्या शरीरात साचून राहतात तीही यामुळेच.

या कसोटीवर नेहमीच्या वापरातल्या कितीतरी वस्तू बाद होतात. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन मोठ्या प्रमाणात असते. ते मांजरावर टाकले तर काही तासांत थरथर आणि झटके सुरू होऊन मृत्यू येऊ शकतो, आणि नुकतेच औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेल्या मांजरालाही धोका असतो. असे घडल्यास कोमट पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाने अंग धुऊन, जराही वाट न पाहता दवाखाना गाठायचा. कुत्र्यांच्या खरजेसाठी विकले जाणारे ॲमिट्रॅझ मांजरासाठी नाही. त्याने सुस्ती येते, अंग थंड पडते, नाडी मंदावते. कोंड्यासाठीचे डांबरयुक्त शॅम्पू, टी ट्री तेल, पाण्यात पडताच दुधासारखे पांढरे होणारे तपकिरी जंतुनाशक, काळे फिनेल आणि बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेले फरशीचे द्रव हे सारे खोलीबाहेर. बेन्झाल्कोनियम लागलेले अंग चाटल्यावर मांजराच्या जिभेवर फोड येतात, ताप चढतो आणि ते खाणे सोडते.

खोबरेल तेलात कापूर घालून लावण्याचा उपाय आपल्याकडे इतका घरगुती आहे की तो धोक्याचा आहे हे सांगताना समोरच्याला दुखावल्यासारखे होते. कापूर त्वचेतून शोषला जातो, चाटल्यावर पोटातून आणखी जातो आणि झटके आणू शकतो. आजीने केलेला उपाय प्रेमानेच केलेला असतो, म्हणून हे सांगताना आवाज चढवायचा नाही, पण सांगायचे मात्र टाळायचे नाही. रॉकेल आणि जळके इंजिन ऑइल यांबद्दल मात्र सौम्य भाषा वापरण्याची मला गरज वाटत नाही. खरजेच्या प्राण्याला असले काही फासणे हा छळ आहे.

माणसांचा शॅम्पूही नको. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते आणि मांजराची उदासीन पातळीच्या जवळ जाणारी, त्यामुळे आपला शॅम्पू तिला कोरडी करतो. गजकर्णासाठी औषधांच्या दुकानातून आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते. आणि ते मलमही शेवटी चाटलेच जाते.

३ जुलै

घोडबंदर रस्त्यावरून एक काकू आपली पर्शियन मांजरी घेऊन आल्या. नाव मखमल, वय दोन वर्षे. कानामागे आणि पुढच्या पायांवर केस तुटून गोल चकत्या झाल्या आहेत, वर राखाडी कोंडा आहे, खाज फारशी नाही. काकूंच्या नातीच्या हातावर लालसर कडेचे वर्तुळ उठले आहे, हे विचारल्यावर कळले. लांब केसांच्या मांजरांत, विशेषतः पर्शियनमध्ये, मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी वारंवार आढळते आणि ती माणसाला लागते, त्यामुळे नातीला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवण्यास लगेच सांगितले.

“ताई, एवढ्या पावसात रिक्षाने आणलंय, आज निदान एकदा धुऊन तरी द्या,” असे काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. डॉक्टर खोलीवर आलेलेच होते. त्यांनी शांतपणे सांगितले, “काकू, आज धुतलं तर तपासणीत काही मिळणार नाही, आणि मग दोन महिने आपण अंदाजानेच औषध देत बसू.” नमुना आधी, पाणी नंतर, हा क्रम काकूंनी मान्य केला.

खोलीत अंधार करून वुडचा दिवा लावला. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी बनवलेल्या अतिनील काचेवरून हे नाव आले. केसांची बुरशी ओळखण्यासाठी तिचा उपयोग होतो हे १९२५ मध्ये फ्रान्समध्ये दाखवले गेले. ३६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या या प्रकाशात मायक्रोस्पोरम कॅनिसने ग्रासलेला केस कच्च्या सफरचंदासारखा हिरवा चमकतो. चमक केसाच्या दांड्यात, मुळाशी शोधायची असते. कोंडा, मलम आणि कापडाचे तंतू निळसर पांढरे उजळतात आणि घाईत पाहणाऱ्याला फसवतात. मखमलच्या कानामागचे केस स्पष्ट हिरवे दिसले. ते चिमट्याने उपटून सूक्ष्मदर्शकासाठी ठेवले. चमक दिसली नसती तरी बुरशी नाही असे म्हणता आले नसते, कारण बुरशीच्या इतर काही जाती या प्रकाशात चमकतच नाहीत.

नंतर वेष्टनातून नुकताच काढलेला नवा टूथब्रश तिच्या सर्वांगावरून दोन-तीन मिनिटे, दात केसांनी भरेपर्यंत फिरवला. चकत्यांवरून तो शेवटी फिरवायचा, म्हणजे तिथले बीजाणू निरोगी भागावर जात नाहीत. ब्रश पिशवीत बंद करून कल्चरसाठी, म्हणजे बुरशी वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, प्रयोगशाळेत पाठवला.

५ जुलै

सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या दांड्याभोवती बीजाणू दिसल्याने डॉक्टरांनी कल्चरची वाट न पाहता उपचार सुरू केले आहेत. पोटातून इट्राकोनॅझोल, एक आठवडा औषध आणि एक आठवडा विश्रांती या पद्धतीने, वजनावर मोजलेल्या मात्रेत. बाहेरून आठवड्यातून दोनदा मायकोनॅझोल २ टक्के आणि क्लोरहेक्सिडिन २ टक्के असलेल्या शॅम्पूने सर्वांगाची अंघोळ. पोटातले औषध केसाच्या मुळाशी वाढणाऱ्या बुरशीला रोखते आणि अंघोळ केसांवर बसलेले, गळून घरभर पसरणारे बीजाणू मारते. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. चकत्यांपुरतेच औषध लावणेही पुरत नाही, कारण चकती दिसते तिथेच फक्त बीजाणू असतात असे नाही.

केस कापण्यासाठी ट्रिमर न वापरता बोथट टोकाची कात्री घेतली. ट्रिमरचे पाते त्वचेवर बारीक ओरखडे पाडते, आणि ही बुरशी ओलसर, खरचटलेल्या त्वचेतच सहज शिरते. सगळे अंग तासण्याची गरज डॉक्टरांना वाटली नाही. चकत्यांभोवतीचे केस, पोटाखालच्या जटा आणि शेपटीच्या मुळाशी झालेला गुंता एवढेच काढले. खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरली होती, पंखा बंद होता, हातमोजे आणि ॲप्रन घातले होते. कापलेले केस कागदासकट दुहेरी पिशवीत बांधून टाकले. या केसांचा एकेक तुकडा संसर्ग नेणारा असतो, त्यामुळे ते झाडूने लोटायचे नाहीत.

अंघोळीत सर्वांत अवघड भाग दहा मिनिटांचा आहे. औषधी शॅम्पू त्वचेवर दहा मिनिटे राहिला नाही तर त्यातले औषध काम करण्यापूर्वीच मोरीत जाते, आणि नेहमीच्या दुकानांत नेमकी हीच वेळ पाळली जात नाही, कारण फेसाने माखलेले मांजर दहा मिनिटे टबात धरून ठेवणे कोणालाच नको असते. आमची पद्धत अशी ठरली : शॅम्पू आधीच कोमट पाण्यात पातळ करून ठेवायचा, मानेपासून सुरुवात करून केसांच्या उलट दिशेने स्पंजने त्वचेपर्यंत पोहोचवायचा, घड्याळ संपूर्ण अंग माखून झाल्यावरच लावायचे, आणि मग मांजराला कोमट ओल्या पंचात गुंडाळून मांडीवर घ्यायचे, म्हणजे औषध अंगावर राहते आणि ते कुडकुडतही नाही. एकाने फक्त मांजराला धरायचे आणि त्याच्याशी हळू बोलायचे, दुसऱ्याने फक्त धुवायचे. मानगूट पकडून लोंबकळवायचे नाही. तोंडावर पाणी ओतायचे नाही. गाल आणि कपाळ कापडाने पुसून घ्यायचे, कारण क्लोरहेक्सिडिन डोळ्यांच्या बुबुळाला इजा करते आणि कानाच्या आतल्या भागात शिरले तर बहिरेपण आणू शकते. मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचे. पोटाखाली आणि बोटांच्या मध्ये राहिलेला शॅम्पू मांजर चाटणारच, म्हणून धुण्याला माखण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा.

मखमल सुरुवातीला ओरडली, पंचात गुंडाळल्यावर गप्प झाली. काकू दाराबाहेर बसून होत्या. पुढच्या वेळी त्यांनी आत बसावे, तिला ओळखीचा आवाज मिळेल.

१८ जुलै

कल्चरचा अहवाल आला, मायक्रोस्पोरम कॅनिस. या तपासणीच्या माध्यमात एक रंगद्रव्य असते आणि बुरशी वाढू लागताच ते पिवळ्याचे लाल होते; पण इतर निरुपद्रवी बुरशीही कालांतराने तोच रंग आणते, म्हणून पांढरी कापसासारखी वाढ आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चातीच्या आकाराचे बीजाणू पाहूनच नाव निश्चित करतात. सुमारे दोन आठवडे लागतात ते यासाठी.

२१ जुलै

घोडबंदरला काकूंच्या घरी जाऊन आलो. माझे ठाम मत आहे की या आजारात घराची सफाई हा अंघोळीचाच अर्धा भाग आहे आणि पालकाला ती करून दाखवल्याशिवाय नुसती सांगून होत नाही. केसांच्या तुकड्यांवरचे बीजाणू कोरड्या जागी कित्येक महिने जिवंत राहतात. पण ऐकणाऱ्याच्या मनात याने जी भीती बसते तिची गरज नाही, कारण ते धुऊन निघतात. मखमलला एका खोलीत ठेवायचे. मोठी खोली नको, पण तिला खिडकी, खेळणी आणि दिवसातून काही वेळ माणसाची सोबत हवी, कारण ती तरुण आहे आणि उपचार महिनोन्‌महिने चालणार आहेत. केस रोज ओल्या कापडाने टिपायचे, कोरडे झाडायचे नाहीत. फरशी साबणाच्या पाण्याने पुसल्यावर पातळ ब्लीच, ते सुकल्यानंतरच मांजर आत. गाद्यांचे अभ्रे दोनदा धुवायचे. यंत्र पूर्ण भरायचे नाही, म्हणजे केस सुटून वाहून जातात. गालिचा गुंडाळून दूर ठेवला.

काकूंनी विचारले, “हिला कुणाला देऊन टाकावं का? नात लहान आहे.” बुरशी बरी होते, आणि निरोगी मांजरात ती उपचाराविनाही काही महिन्यांत ओसरते, उपचार मुख्यतः हा काळ आणि संसर्ग कमी करण्यासाठी असतात, हे त्यांना सांगितले. त्यांनी मखमलला ठेवायचे ठरवले. नातीने खोलीत जायचे नाही, काकूंनी वेगळा गाऊन घालून जायचे, हात धुवायचे.

१ ऑगस्ट

ठाण्याचा पाऊस आणि लांब केसांचे मांजर यांचा मेळ बसवणे हा या महिन्याचा प्रश्न आहे. कपडेच चार दिवस वाळत नाहीत, तिथे पर्शियनचा आतला मऊ थर अंघोळीनंतर आपोआप कसा वाळेल? वरून कोरडा वाटणारा केस मुळाशी ओला राहिला तर त्वचा भिजून मऊ होते आणि ज्या बुरशीसाठी अंघोळ घातली तिलाच अनुकूल जागा मिळते. म्हणून सुकवण्याची वेळ आता अंघोळीच्या वेळेच्या दुप्पट धरतो. पंचे बदलत टिपून घेणे, चोळणे नाही, कारण चोळल्याने जटा होतात; मग ड्रायर सर्वांत मंद उष्णतेवर, हातभर अंतरावरून, आपला हात नेहमी मध्ये ठेवून; मग रुंद दातांच्या फणीने थर उघडत बोटांनी मुळाशी चाचपून पाहणे. पिंजऱ्यात ठेवून बाहेरून गरम हवा सोडण्याची पद्धत वापरायची नाही. चपट्या नाकाच्या मांजरांना उष्णता सोसत नाही. ड्रायरच्या आवाजाला जी घाबरतात त्यांच्यासाठी गरम केलेले पंचे आणि धीर हाच मार्ग.

ज्या दिवशी वंदना बसस्थानकाकडे पाणी साचते त्या दिवशी येऊ नका, असे सर्वांना कळवले आहे. ओल्या टोपलीतून दोन तास आलेल्या मांजराला अंघोळ घालणे योग्य नाही.

१३ ऑगस्ट

चेंदणी कोळीवाड्यातून एका ताईंनी भुऱ्या नावाचा बोका आणला. कानांच्या कडांवर, कपाळावर आणि डोळ्यांभोवती जाड, राखाडी, सालीसारख्या खपल्या. खाज इतकी की मान रक्तबंबाळ. डॉक्टरांनी त्वचा खरवडून पाहिली, नोटोएड्रेस कॅटाय हे खरजेचे किडे भरपूर निघाले. ही खरूज कानांपासून सुरू होऊन तोंड, मान आणि पुढच्या पंजांवर उतरते आणि मांजरांत झपाट्याने पसरते.

येथे अंघोळीची मर्यादा स्पष्ट समजून घ्यायला हवी. किडे त्वचेच्या आत बोगदे करून राहतात, शॅम्पू तिथे पोहोचत नाही. बरे करते ते डॉक्टरांनी मानेवर टाकलेले सेलामेक्टिन. आमचे काम खपल्या मऊ करून काढणे आणि ओरबाडलेल्या जागी जिवाणू वाढू न देणे एवढे. खपल्या ओढून काढायच्या नाहीत. कोमट पाण्यात भिजवलेले कापड ठेवून सुटतील तेवढ्याच सोडवायच्या. औषध टाकण्याच्या दिवशी अंघोळ नाही, कारण काही औषधे त्वचेच्या तेलात साठून काम करतात आणि शॅम्पू ते तेल काढून टाकतो. अंघोळ आणि औषध यांत किती अंतर ठेवायचे ते प्रत्येक औषधाच्या लेबलावरून आणि डॉक्टरांना विचारून ठरवायचे.

भुऱ्याबरोबर जेवणारी इतर मांजरेही उपचारात यायला हवीत, नाहीतर तो महिन्याभरात पुन्हा तसाच होईल. कोळीवाड्यातील दोघी-तिघी मासळी घालतात, त्यांच्याशी बोलून सर्व मांजरांना एकाच वेळी औषध देण्याचे ठरले.

३० ऑगस्ट

पिसवांची मांजरे वाढली आहेत. पाठीवरून हात फिरवला की बारीक, मोहरीएवढ्या खपल्या हाताला लागतात, विशेषतः शेपटीच्या मुळाशी. बारीक फणीने निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवले आणि ते विरघळून तांबूस झाले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. पुष्कळ पालक म्हणतात की आमच्या मांजराच्या अंगावर एकही पिसू नाही. ते खरेही असते. ॲलर्जी असलेले मांजर चाटून पिसवा गिळून टाकते, आणि त्यातून पोटात पट्टकृमी जातो, ज्याचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे शेपटीखाली दिसतात. अंगावरच्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम पाच टक्के असतात. बाकीचे अंडी, अळ्या आणि कोष घराच्या फटींत, गाद्यांत असतात. त्यामुळे पिसवांसाठी अंघोळ घालून पाठवणे हा तात्पुरता दिलासा आहे, आणि तसे स्पष्ट सांगूनच आम्ही ती घालतो.

एका सोसायटीतील पायऱ्यांवर राहणाऱ्या मांजरांचे पंजे लाल होऊन सोलले होते. पायऱ्या रोज फिनेलने पुसल्या जातात आणि ओल्या फरशीवरून मांजरे चालतात, मग पंजे चाटतात. सोसायटीच्या चिटणिसांना भेटलो. त्यांनी साध्या साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करण्यास लगेच संमती दिली. पंजे साध्या कोमट पाण्याने धुण्यापलीकडे आम्हाला काही करावे लागले नाही.

१६ सप्टेंबर

प्रत्येक मांजर अंघोळ सोसेलच असे नाही, आणि न सोसणाऱ्याला जबरदस्तीने धुणे हा उपचार होत नाही. मांजराने तोंड उघडून धापा टाकणे ही थांबण्याची खूण आहे. कुत्र्यात ती साधी गोष्ट असते, मांजरात धोक्याची. अशा वेळी फेस धुऊन काढायचा, पंचात गुंडाळून अंधाऱ्या टोपलीत ठेवायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. गुंगीचे औषध आम्ही देत नाही. बहुतेक मांजरांच्या शरीरात हर्पीसचा विषाणू दबून असतो आणि ताणानंतर आठवडाभरात शिंका, डोळ्यांतून पाणी असा उठतो, म्हणून सर्दीच्या मांजराला अंघोळ नाही आणि अंघोळीनंतर पालकांना हा इशारा द्यायचा.

अशांसाठी न धुता अंगावर ठेवायचा औषधी फेस किंवा क्लोरहेक्सिडिनचे ओले रुमाल डॉक्टर लिहून देतात. आजच्या काळ्या बोक्याच्या हनुवटीवर काळे ठिपके आणि पुळ्या होत्या. तिथे रुमालाने दिवसातून एकदा पुसणे आणि खाण्याचे प्लास्टिकचे भांडे बदलून स्टीलचे वापरणे एवढेच सांगितले गेले. त्याला टबाजवळ नेलेही नाही.

९ ऑक्टोबर

उपचार सुरू झाल्यानंतरचे मखमलचे दुसरे कल्चरही निर्बीज आले, म्हणजे त्यात बुरशी वाढली नाही. चकत्यांच्या जागी केस मागच्या महिन्यातच भरले होते आणि काकू तेव्हाच उपचार थांबवायला तयार होत्या. पण केस दिसायला लागणे आणि बीजाणू संपणे यांत काही आठवड्यांचे अंतर असू शकते, म्हणून थांबण्याचा निर्णय कल्चरवरच सोपवला होता. तिला आता घरभर फिरता येईल. नातीचा हातही बरा झाला आहे. औषधाच्या काळात मध्ये एकदा मखमलचे खाणे कमी झाले होते. डॉक्टरांनी रक्त तपासून यकृत ठीक असल्याची खात्री केली होती, आणि पोटातले औषध चालू असताना भुकेवर लक्ष ठेवण्याची सूचना आम्ही तेव्हापासून प्रत्येक पालकाला देतो.

५ नोव्हेंबर

ठाणे आणि कळवा येथील प्राण्यांची केशसज्जा करणाऱ्या काही तरुणांनी खोली पाहण्याची इच्छा दर्शवली, ते आज आले. त्यांच्या दुकानांत कुत्रे आणि मांजर यांना एकच टब, एकच पंचा आणि पुष्कळदा एकच शॅम्पू असतो. हातात कसब आहे, कोणी सांगितलेले नाही एवढेच. त्यांना दहा मिनिटांचे घड्याळ, पंचाची गुंडाळी आणि वुडच्या दिव्याखालचा हिरवा केस प्रत्यक्ष दाखवला. एकाने विचारले, “चकत्या असलेलं मांजर आलं तर परत पाठवायचं का?” अंघोळ न घालता डॉक्टरांकडे पाठवायचे, टोपली ठेवलेली जागा ब्लीचने पुसायची, आणि ट्रिमरची पाती तशीच दुसऱ्या मांजराला वापरायची नाहीत, असे ठरले. मांजरांसाठी वेगळा टब आणि वेगळे पंचे ठेवण्याचे दोघांनी मान्य केले.

टाळायच्या द्रव्यांचा तक्ता मराठीत छापून त्यांना दिला. डिसेंबरपासून तो नौपाडा आणि चरईतील पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानांतही नेऊन द्यायचा आहे. कोळीवाड्यातील मांजरांच्या खरजेची फेरतपासणी पुढच्या आठवड्यात आहे, त्यासाठी सेलामेक्टिनचा साठा मागवण्याविषयी डॉक्टरांशी बोलणे झाले.